हजार टाक्यांचा हिशेब

यंत्राचा वेग वाढला की उत्पादन वाढते आणि उत्पादन वाढले की उत्पन्न वाढते, हे सूत्र मी पस्तीस वर्षे वर्गात शिकवले. सूत्राचा उत्तरार्ध कोणत्या अटींवर खरा ठरतो हे सांगण्याची दक्षता मी घेत असे. पूर्वार्धाविषयी मात्र मला कधी शंका आली नाही. ती शंका निवृत्तीनंतर कुरुळीत, भरतकामाच्या एका यंत्रासमोर बसल्यावर आली. माझ्या अज्ञानाची किंमत मला मोजावी लागली नाही, ती दुसऱ्याच एका व्यक्तीने मोजली. म्हणून हा लेख लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघून मोशीपुढे इंद्रायणी ओलांडली की चिंबळी फाटा लागतो आणि त्यानंतर कुरुळी. खेड तालुक्यातील हे गाव आता पुरते गाव उरलेले नाही आणि शहरही झालेले नाही. चाकणच्या वाटेवर असल्याने रानांत गोदामे उभी राहिली, गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्या झाल्या आणि तीन पाळ्यांच्या बसगाड्यांनी गावाचे घड्याळ बदलले. ज्या कारखान्यांत मोटारी आणि मोटारसायकली तयार होतात त्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. तेथील तंट्यांविषयी आपण लिहितो, बोलतो. परंतु त्या कारखान्यांभोवती जी दुसरी, तिसरी आणि चौथी फळी उभी आहे तिचे शेवटचे टोक घराच्या पडवीपर्यंत येऊन पोचले आहे, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कारखान्याला गणवेश लागतो. गणवेशाच्या खिशावर बोधचिन्ह लागते. मजूर पुरवणारा कंत्राटदार बदलला की सदरे बदलतात आणि बोधचिन्ह पुन्हा भरावे लागते. ते भरणारी एक स्त्री माझ्या घराला लागून राहते.

तिचे यंत्र एका हेडचे आणि बारा सुयांचे आहे. ते कर्ज काढून घेतले असून त्याचा हप्ता दरमहा द्यावा लागतो. नवरा सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. गणवेश पुरवणारा एक व्यापारी सदऱ्यांचे गठ्ठे आणून टाकतो आणि भरून झाले की घेऊन जातो. धागा तिचा, बॉबिन तिचे, कापडाच्या मागे लावायचा कागद तिचा, वीज तिची. मजुरी ठरते ती हजार टाक्यांवर. खिशावरचे बोधचिन्ह सहा हजार टाक्यांचे असेल तर हजाराच्या दराच्या सहापट रक्कम, इतका हा व्यवहार वरवर सरळ आहे.

यंत्राच्या पडद्यावर वेगाचा आकडा दिसतो. ती तो साडेसातशेवर ठेवत असे. यंत्र मिनिटाला हजार टाके घालू शकते असे ते विकणाऱ्याने तिला सांगितले होते. पण तिचा हात त्या आकड्याकडे जात नसे. एके संध्याकाळी ती हिशेबाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, हप्ता काही बसत नाही बघा." मी वही पाहिली आणि ज्या आत्मविश्वासाने आमच्या शास्त्राचे लोक दुसऱ्याच्या वहीत आकडे मांडतात त्याच आत्मविश्वासाने मांडले. सहा हजार टाक्यांना साडेसातशेच्या वेगाने आठ मिनिटे लागतात, हजाराच्या वेगाने सहा. म्हणजे ताशी साडेसात नगांऐवजी दहा. "ताई, आकडा हजारावर न्या," मी सांगितले, "हप्ता बसेल."

तिने माझे ऐकले. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा वहीत एकशेवीस सदऱ्यांच्या एका गठ्ठ्यापुढे बावीस हा आकडा तांबड्या शाईने लिहिलेला होता. बावीस सदऱ्यांवर बोधचिन्हाची कडा आतल्या भरावापासून सरकली होती किंवा कापड चुणले होते. व्यापाऱ्याने त्यांची मजुरी तर दिली नाहीच, शिवाय सदऱ्यांची किंमत उरलेल्या मजुरीतून कापून घेतली. आणि ताशी दहा नग? ताशी दहा नग एकाही दिवशी निघाले नव्हते. तिने मला दोष दिला नाही. तिच्या जागी मी असतो तर दिला असता.

यानंतर जे मी आधी करावयास हवे होते ते केले. मनगटावरचे घड्याळ काढून हातात घेतले आणि चार दिवस त्या पडवीत बसलो.

हजाराच्या आकड्यावर एका नगाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो? टाके घालण्याची सहा मिनिटे खरी, परंतु त्या बोधचिन्हात यंत्राला चौदा वेळा धागा कापून दुसऱ्या जागी जावे लागे. प्रत्येक वेळी गाठ बसवणे, कापणे, सरकणे, पुन्हा सुरुवात करणे यांत सुमारे सात सेकंद जात. रंग बदलताना आणखी थोडा वेळ जाई. अशी आठ मिनिटे झाली. सदरा फ्रेममध्ये ताणून बसवण्यास दोन मिनिटे. आणि धागा एका नगात सरासरी तीन वेळा तुटे; तो ओवून, यंत्र चार टाके मागे नेऊन पुन्हा चालू करण्यास दर वेळी दीड मिनिट, म्हणजे साडेचार मिनिटे. एकूण साडेचौदा मिनिटे. आठ तासांत तेहतीस नग.

मग आम्ही आकडा पुन्हा साडेसातशेवर आणला. टाके घालण्याचा वेळ दोन मिनिटांनी वाढला. धागा मात्र दोन नगांत एकदाच तुटू लागला. एकूण पावणेतेरा मिनिटे, आठ तासांत सदतीस नग. सुई एक चतुर्थांशाने सावकाश झाली आणि काम वाढले. माझ्या पस्तीस वर्षांच्या सूत्राचा पूर्वार्ध असा एका दुपारी निकालात निघाला.

याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे आणि ते कार्यकर्त्यांनीही समजून घ्यावे, कारण वेगाची भाषा आता प्रत्येक कारखान्यात बोलली जाते. मिनिटाला हजार टाके म्हणजे एका टाक्याला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग. सुई कापडाबाहेर असते तेवढ्या अल्पकाळातच फ्रेमने पुढच्या जागी सरकून स्थिर व्हावयाचे असते. टाका जितका लांब तितके सरकणे अधिक. फ्रेम पुरती स्थिर होण्यापूर्वी सुई उतरली की कडा सरकते. म्हणून लांब टाक्यांच्या जागी चांगले यंत्र स्वतःच मंदावते; पडद्यावरचा आकडा ही मर्यादा असते, हमी नव्हे. दुसरे असे की धाग्याचा प्रत्येक भाग कापडात कायमचा बसण्यापूर्वी सुईच्या नेढ्यातून अनेकवार मागेपुढे घासला जातो. वेग वाढला की घर्षण वाढते, सुई तापते, आणि हलका धागा प्रथम पिंजतो, मग तुटतो. जरीचा धागा तर पाचशे-सहाशेच्या वर सहसा टिकत नाही. हे सर्व ती जाणत होती. तिने ते शब्दांत मांडले नव्हते एवढेच, आणि मी विचारलेही नव्हते.

पुढच्या सुधारणा तिच्याच आहेत. तिने दुसरी फ्रेम घेतली. एक सदरा यंत्रावर असतानाच दुसरा ताणून तयार राहू लागला आणि दोन मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटाच्या अदलाबदलीवर आले. बेचाळीस नग झाले. मग ती बोधचिन्हाचा आराखडा घेऊन भोसरीत पंचिंग करणाऱ्या एका तरुणाकडे गेली. पंचिंग म्हणजे चित्राचे टाक्यांत रूपांतर करणे: कोणता टाका कोठे, किती लांब, कोणत्या क्रमाने. क्रम नीट लावल्यावर चौदा वेळा कापण्याचे काम पाच वेळांवर आले आणि एक मिनिट वाचले. सेहेचाळीस नग. याखेरीज बोथट होण्यापूर्वीच सुई बदलणे, बॉबिनचा ताण पाहणे, हुकातील धाग्यांचा गुंता रोज काढून तेलाचा थेंब सोडणे आणि यंत्राचे चारही पाय फरशीवर सारखे टेकवणे ही बारीक कामे होतीच. तेहतीसावरून सेहेचाळीस, म्हणजे सुमारे चाळीस टक्क्यांची वाढ, आणि तीही वेगाचा आकडा पंचवीस टक्क्यांनी खाली आणून.

येथपर्यंतची गोष्ट एखाद्या उत्पादकता मंडळाच्या पुस्तिकेतही शोभली असती. पुढची शोभणार नाही.

मजुरी टाक्यांवर आहे. यंत्र थांबलेले असताना टाके पडत नाहीत, म्हणून त्या वेळेला मोल नाही. फ्रेममध्ये सदरा ताणणे हे काम नव्हे, तुटलेला धागा ओवणे हे काम नव्हे, सुटे दोरे कात्रीने कापणे, मागचा कागद फाडणे, घड्या घालून गठ्ठा बांधणे, यांपैकी काहीही काम नव्हे. कारण त्यात टाका नाही. उलट पंचिंग सुधारून तेच बोधचिन्ह साडेपाच हजार टाक्यांत तितकेच सुबक बसवले तर मजुरी अर्ध्या हजाराने घटते. कौशल्य वाढले म्हणून मोबदला कमी, असा हा दर आहे. ज्याच्या हातात मोजमापाचा एकक ठरवण्याचा अधिकार असतो त्याला लुबाडण्यासाठी आणखी कशाचीच गरज पडत नाही, हे मी विद्यार्थ्यांना जमीनदार आणि खंडकरी यांच्या संदर्भात सांगत असे. खिशावरच्या बोधचिन्हात ते पाहावे लागेल असे वाटले नव्हते.

तिच्या नवऱ्याने एकदा जेवताना एक साधी गोष्ट सांगितली. त्याच्या कारखान्यात प्रत्येक नगाला किती सेकंद हे ठरलेले असते, पर्यवेक्षक त्या सेकंदांसाठी जीव खातो, आणि कंत्राटी म्हणून त्याला कायम कामगाराहून बराच कमी पगार मिळतो. "पण सर, लाइन बंद पडली तर आमचा पगार चालू राहतो," तो म्हणाला, "हिची सुई थांबली की हिचा पगार थांबतो." वेळेवरची मजुरी आणि नगावरची मजुरी यांतील भेद यापेक्षा नेमका मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेला नाही. मालकाच्या कारखान्यात यंत्र बंद पडण्याचा तोटा मालकाचा असतो, म्हणून यंत्र बंद पडू नये याची काळजीही तो घेतो. येथे तोच तोटा पडवीत ढकलून दिलेला आहे.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो सार्वत्रिक संप केला त्याच्या मुळाशी कार्यक्षमतेच्या योजना होत्या: विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत, कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. यंत्र तेच, माणूस तोच, माल अधिक, असा मालकांचा हिशेब होता. माझ्या वहीतल्या हिशेबाहून तो फारसा वेगळा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. कामगारांच्या तक्रारीचा गाभा असा की आधी सूत पाहा. हलका कापूस मिसळलेले सूत वारंवार तुटे. ते सांधण्यात वेळ जाई, आणि विणकराची मजुरी कापडावर असल्याने तुटलेल्या सुताचा भुर्दंड त्याच्या माथी येई. बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची चालही तेव्हा होती. बावीस सदऱ्यांची किंमत कापली गेली तेव्हा मला त्या चालीची आठवण झाली. एकच फरक आहे. १९२८ साली सूत निदान मालक पुरवीत असे. आज धागाही तिलाच विकत घ्यावा लागतो, आणि दर परवडत नाही म्हणून ती हलका धागा घेते, तो तुटतो, म्हणून दर आणखीच परवडत नाही.

सेहेचाळीस नगांची वार्ता व्यापाऱ्यापर्यंत पोचण्यास फार दिवस लागले नाहीत. गठ्ठा आठवड्याऐवजी पाच दिवसांत तयार होऊ लागल्यावर त्याने हजाराचा दर खाली आणण्याची गोष्ट काढली. काम झपाट्याने होते आहे, तुम्हाला कमी दरानेही तेवढेच पैसे पडतील, असे त्याचे म्हणणे. ते गणिताने अगदी बरोबर होते, आणि तेच त्यातले दुःख. दोन फ्रेमा, नवे पंचिंग, रोजची झाडपूस, चार दिवसांची माझी हजेरी, या सर्वांतून जो तास वाचला तो तिच्या पदरातून उचलून त्याने आपल्या खिशात घालण्याची तयारी केली होती. 'भांडवल'च्या १८६७ साली निघालेल्या पहिल्या खंडात नगावरच्या मजुरीचे जे विवेचन आहे त्याचे सार हेच आहे: उत्पादकता वाढली की नगाचा दर उतरतो आणि कामगाराला ती आपल्याच मेहनतीची शिक्षा वाटते. त्याच ग्रंथातील यंत्रांवरच्या दीर्घ प्रकरणात शिवणयंत्रावर काही पाने आहेत. नवनवी यंत्रे निघत गेली की घरी यंत्र बाळगणाऱ्या लहान माणसाच्या यंत्राची किंमत दिवसेंदिवस घसरते आणि अखेरीस ते मोठ्या भांडवलदाराच्या हाती मातीमोल भावाने जाते, हे तेथे नोंदवलेले आहे. हप्ता संपण्यापूर्वीच यंत्र जुने होते, ही तक्रार कुरुळीत मी शब्दशः ऐकली आहे.

आपल्या चळवळीत या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन चुकीच्या रीती आहेत. पहिली भावनेची: यंत्राने हस्तकला मारली, म्हणून यंत्रच नको. भरतकामाच्या यंत्राची कल्पना अलीकडची नव्हे. हाइलमनने फ्रान्समधील म्यूलूझ येथे १८२८ साली हाताने चालवायचे यंत्र केले. १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये ग्रोबलीने धोट्याचे यंत्र केले, त्याला तेथील बोलीत छोटी होडी या अर्थाचे 'शिफ्ली' हे नाव पडले, कारण धोटा होडीसारखा दिसे. मध्यंतरी पॅरिसमध्ये १८३१ साली लष्कराचे गणवेश शिवण्यासाठी तिमोनियेने बसवलेली यंत्रे शिंप्यांच्या जमावाने फोडून टाकली. शिंप्यांची भीती खरी होती, शत्रू चुकीचा होता. यंत्राविषयी सर्वांत साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरचे शिवणयंत्र अपवाद म्हणून वेगळे काढले. सिंगरने ते पत्नीचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी केले असे ते म्हणाले होते. (सिंगरचे कौटुंबिक चरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना या प्रेमकथेविषयी शंका येईल, पण मुद्दा यंत्राचा आहे, सिंगरचा नव्हे.) माझ्या शेजारणीला यंत्र नको नाही. तिला ते हवे आहे, आणि चांगले चाललेले हवे आहे.

दुसरी रीत अधिक घातक, कारण ती शास्त्रीय वाटते. एका तरुण साथीने मला विचारले की जिच्या मालकीचे यंत्र आहे तिला आपण कामगार कसे म्हणणार, ती तर लहान उत्पादक झाली. मी त्याला विचारले की माल कोणाचा, गिऱ्हाईक कोणाचे, नमुना कोणाचा, दर कोणी ठरवला, आणि नग नापास करण्याचा अधिकार कोणाचा? यंत्राची मालकी कागदावर तिची आहे. प्रत्यक्षात तिच्या मालकीचा आहे तो हप्ता. न्यायालये या बाबतीत आपल्या काही साथींच्या पुढे गेलेली आहेत. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे नोकर मानले, आणि माल नापास करण्याचा अधिकार हे नियंत्रणाचेच लक्षण आहे असे सांगितले. १९८३ साली लखनौच्या शायनिंग टेलर्सच्या खटल्यातही नगावर मजुरी घेतो म्हणून शिंपी कामगार ठरत नाही असे नव्हे, हे स्पष्ट केले. पहिल्या खटल्यातले शिंपी बहुतेक दुकानाच्या यंत्रांवर शिवत होते, हा फरक मी झाकून ठेवू इच्छित नाही. पण नापास करण्याच्या अधिकाराचा युक्तिवाद पडवीतल्या यंत्रालाही लागू पडावा, असे माझे मत आहे.

याहून जवळचे उदाहरण विडीचे. हजार टाके आणि हजार विड्या, दोन्हींत दर हजारावरच असतो हा योगायोग नव्हे; घरी बसून केलेल्या कामाचे तास मोजायचे नसले की नग मोजतात. सोलापूर, सिन्नर या भागांतील विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारी काय होत्या? पाने-तंबाखू कमी आणि निकृष्ट मिळतो, विड्या छाटून बाजूला काढतात, छाटलेल्यांचे पैसे देत नाहीत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखेप काम करणाऱ्या स्त्रीला कामगार मानले, आणि कच्चा माल, छाट व छाटलेल्या विड्यांची मजुरी यांवरचे वाद सरकारी अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय कायद्यातच केली. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरून गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्यात काय टिकले आणि काय गेले हा स्वतंत्र लेखाचा विषय. येथे एवढेच की घरात बसलेल्या, सुट्या-सुट्या, एकमेकींना न दिसणाऱ्या स्त्रियांनाही कायद्याच्या कक्षेत आणता येते, हे आपल्याच राज्यातील स्त्रियांनी दाखवून दिले आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

बाजारात टिकायचे कसे, हा प्रश्न यानेही सुटत नाही. सुरतेसारख्या ठिकाणी वीस हेडांची यंत्रे रांगेने चालतात. असे एक यंत्र साडेसातशेच्या वेगानेही मिनिटाला पंधरा हजार टाके घालते. तिने आकडा हजारावर नेला काय आणि बाराशेवर नेला काय, त्या शर्यतीत ती कोठेच नाही. म्हणून सुईला चाबूक मारणे ही नुसती यांत्रिक चूक नव्हे, आर्थिक चूक आहे. पण मोठ्या यंत्राचेही एक दुखणे असते: एका हेडचा धागा तुटला की सामान्यतः वीसही हेडे थांबतात, आणि तीस-चाळीस सदऱ्यांच्या गठ्ठ्यासाठी ते मांडणे परवडत नाही. चाकण पट्ट्यात नेमके असे छोटे गठ्ठे पुष्कळ असतात. नवी भरती झाली, चाळीस सदरे हवेत, परवा हवेत, आणि प्रत्येकावर वेगळे नाव हवे. हे काम सुरतेला जात नाही. हे काम तिच्याच दारात येते, आणि तरीही ती सुरतेच्या दराने ते घेते. सौदा करण्याची थोडीफार ताकद तिच्याजवळ आहे, ती येथे.

तेव्हा आम्ही दर मोडून पुन्हा बांधला. कुरुळी, चिंबळी आणि मोशी मिळून अशी यंत्रे असलेली चार घरे मला ठाऊक आहेत. त्या चौघींना माझ्या ओसरीवर बोलावले. मागणी अशी ठरली: हजार टाक्यांचा दर असावा, परंतु त्याखेरीज प्रत्येक नगाला फ्रेमचा वेगळा आकार असावा, मग टाके पाचशे असोत की पाच हजार. पंचिंगचे पैसे निराळे घ्यावेत आणि सुधारलेला आराखडा भरणारीच्या ताब्यात राहावा. नग नापास झाला तर मजुरी बुडेल, पण सदऱ्याची किंमत कापताना दोघांनी मिळून तो पाहावा. आणि दर असा असावा की आठ तासांच्या निगुतीच्या कामात, धागा-विजेचा खर्च वजा जाता, अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाखाली मिळकत जाऊ नये. ही शेवटची अट आमच्या मनची नव्हे. ज्या कामाला किमान वेतन वेळेवर ठरले आहे ते नगावर करून घेतले तरी मिळकत त्या वेळेच्या दराहून कमी होता कामा नये, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या १७ व्या कलमात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आले आहे. इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी पिकावर, म्हणजे कापडातील आडव्या धाग्यांच्या घनतेवर, ठरते. पण तो दर एकट्या कामगाराशी ठरत नाही, त्यासाठी तेथे संप झाले आहेत. टाका मोजूनही सामुदायिक करार करता येतो.

कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या घरांत पत्रक घेऊन जाऊ नये, घड्याळ घेऊन जावे. एक पूर्ण दिवस बसावे. यंत्र किती वेळ चालले आणि किती वेळ थांबले, थांबले ते कशाने, त्या वेळात तिचे हात काय करीत होते, हे लिहावे. मी चार दिवस बसलो तेव्हा यंत्र थांबलेले असताना तिचे हात एकदाही थांबलेले मी पाहिले नाहीत. किमान वेतनाच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायचा पुरावा हाच, आणि तो आपल्यावाचून दुसरे कोणी गोळा करणार नाही.

चौघींपैकी एकीने आठवड्यातच जुन्या दराहून कमी दराने गठ्ठा घेतला. तिच्या मुलीच्या शाळेची फी भरायची होती. तिला बोल लावण्याचा अधिकार मला तरी नाही. उरलेल्या तिघींना व्यापाऱ्याने फ्रेमचा आकार नाकारला, पण हजाराचा दर खाली आणण्याचे पुढे ढकलले आणि सदऱ्याची किंमत एकतर्फी न कापण्याचे तोंडी कबूल केले. लेखी मागितले तेव्हा तो हसला. माझ्या शेजारणीचा या महिन्याचा हप्ता बसला आहे, पुढच्या महिन्याचे ती सांगू शकत नाही. येत्या रविवारी चौथीलाही बोलावले आहे. तिचे यंत्र सारखे धागा तोडते अशी तिची तक्रार आहे. तेव्हा आधी सुई आणि बॉबिन पाहायचे, दराचे त्यानंतर बोलायचे, असे तिघींनी ठरवले आहे.